कोट

ड्रमॉकी रोव्हर्स, तळापासून दुसरे.
आमच्या खाली फक्त किलब्रेन,
तेही त्यांचे सहा गुण कापलेत म्हणून.

चहाच्या टपरीवरच्या खोलीत समिती बसलेली,
हीटरमध्ये नाणी टाकायची पाळी टॉर्क्विलची.
मी कोपऱ्यात. मांडीवर मॅनेजरचा कोट,
मागच्याची आद्याक्षरं उसवत.

पहिला आला लॅपटॉप घेऊन. बाण, वर्तुळं.
आमचा लेफ्ट बॅक शनिवारी दोनपर्यंत मासे विकतो,
ते कुठल्याच वर्तुळात बसेना.
दुसरा आमचाच जुना स्ट्रायकर,
एकोणनव्वदच्या एका गोलवर अजून जगतोय बापडा.
सगळ्यांचे डोळे पाणावले,
आणि तिथेच तो बाद झाला.

तिसरी मॉरव्हेन ग्लेनी, शाळेत भूगोल शिकवते.
पगाराचं काढलंच नाही. म्हणाली,
"आधीच्याला काढलं, ते त्याला सांगितलं कुणी?"
सगळे टेबलाच्या लाकडातल्या रेघा बघू लागले.
सांगितलं मी होतं.
धुतलेले मोजे द्यायला गेले, तेव्हा.
तो म्हणाला, बरं. आणि मोजे मोजून घेतले.

चार विरुद्ध तीन.

कोट तिला पार गुडघ्याखाली आला.
छातीवर सात जणांची भोकं,
समुद्राचा वारा नेमका तिथूनच शिरतो.
"अक्षरं कुठली घालू?" मी दोरा ओवत विचारलं.
"अक्षरं नकोत," म्हणाली. "ठिगळ लाव.
जाडसं बघून."