खळ

दोन मापं गव्हाचं पीठ, चिमूटभर तुरटी,
पाणी आधी गार, मग कढत.
गुठळी होऊ द्यायची नाही.
ढवळत राहायचं, हाताला खळ नाही,
तेव्हा कुठे होते ती खळ.
तेक्ल्याला विचारा, म्हणजे मलाच.
वेर्बिव्कात दुसऱ्या कुणाला जमत नसे.

करकचेरीची भिंत, उगवतीकडे तोंड.
तिथे आधी सम्राटाचा कागद लागला,
वर दुतोंडी गरुड:
"आमच्या प्रिय प्रजाजनांस."
मग नदीपलीकडून दुसरे आले.
त्यांचाही गरुडच, त्यालाही तोंडं दोनच.
त्यांच्या सेनापतीने लिहिलं, "बंधूंनो."
झेनोन मास्तर चष्मा पुसत वाचून दाखवायचा:
प्रिय प्रजाजनांनी घोडे द्यावेत,
बंधूंनी गाई.

मला अक्षर येत नव्हतं. कागद यायचा.
जाड, पिवळसर: छापखाना शाबूत आहे, पगार मिळेल.
पातळ, मागच्या बाजूला साबणाची जाहिरात:
हे सरकार महिन्याभराचं पाहुणं.
हाताने लिहिलेला, शाई अजून ओली:
पोरांना तळघरात घाला
आणि कोंबडीची मान आपणच मुरगळा,
ते येऊन मुरगळण्याआधी.

"जो कोणी पीठ दडवून ठेवील
त्यास जागच्या जागी गोळी घालण्यात येईल."
हा कागद मी पिठानेच चिकटवला.
शिपायाने दोन मापं मोजून दिली होती, पांढरंशुभ्र पीठ,
आम्ही तेव्हा भुशाची काळी भाकर खात होतो.
दीड घातलं. भर म्हणून राख.
उरलेलं अर्धं तीन पोरांच्या पोटाच्या खळगीत.
म्हणून आमच्या गावात कुठलाच हुकूम
दोन पावसांपलीकडे टिकला नाही.
बायका म्हणत, देवच सोडवतो गं.
म्हणेनात.

फेद्कोच्या शेळीने एकदा संचारबंदी खाल्ली,
पहिल्या कलमापासून मोहरेपर्यंत.
हवालदाराने रीतसर पंचनामा केला,
शेळीला दोन दिवस कोंडलं.
तिसऱ्या दिवशी चौकीतून रश्श्याचा वास आला.
त्याबद्दल मात्र कागद निघाला नाही.

मार्चमधला तो कागद अरुंद होता.
अधिकारी पाठीशी उभा, हातात घड्याळ,
म्हणून दोन्ही मापं पुरती घातली.
खळ अशी उतरली, तशी पुन्हा कधी जमली नाही.
आधी ब्रश, मग तळवा,
मधून कडेकडे, मधून कडेकडे,
हवेचा एक बुडबुडा राहू दिला नाही.
अधिकारी खूश होऊन काही बोलला, त्याच्या भाषेत.
मास्तर आला. चष्मा काढला. पुसला.
पुसतच राहिला.
मी म्हटलं, वाच की.
अकरा नावं होती.
सातवं ओनुफ्रीचं. माझा धाकटा भाऊ.
खाली एक ओळ: पहाटे अंमलबजावणी झाली आहे.

तो कागद पावसाने गेला नाही.
वारा आला, गारा आल्या.
आता शेळीही नव्हती.
एका रात्री नखांनी खरवडायला गेले
तर खालचे सगळे प्रजाजन, सगळे बंधू
एकमेकांना धरून बसलेले, बोटभर जाड,
माझ्याच हातचे.
नखाखाली आलं ते चाखलं.
आंबूस. गहू.
सातव्या ओळीचं पहिलं अक्षर गोल आहे,
गाडीच्या चाकासारखं.
तेवढं एक मला येतं.

सुगीला नवे आले.
त्यांच्या कागदावर पक्षी नव्हता, नुसता तारा.
पहिल्या दिवशी विचारलं, इथे खळ कोण करतं?
मी हात पुसले, पुढे झाले.
म्हटलं, तीन मापं लागतील.