उणे बावीस

जानेवारीत पार्नू नदी गोठली त्या रात्री
मी आणि शेजारच्या लेम्बितनं
होंडा ढकलत शेडबाहेर आणली,
दारं सताड उघडून तशीच सोडली, थंडी खायला.
सकाळी उणे बावीस.
तळाच्या पत्र्याला चिकटलेलं डांबर,
उन्हाळ्यात जे बोटाला लोंबलं असतं,
ते हातोडीच्या एका टिचकीत
बशीसारखं तडकत होतं.
लोक यासाठी सुका बर्फ विकत आणतात, लेम्बित म्हणाला,
आपल्याला आभाळच फुकट देतंय.

आईनं गिरणीतला काटा बाहेर काढला.
सिंडीची लोकरगिरणी बंद पडली तेव्हा
थकलेल्या पगाराऐवजी कुणी सूत नेलं, कुणी खुर्च्या.
हिनं काटा आणला,
आणि तीस वर्षं त्यावर बटाटे मोजले.
डांबर : सात किलो नऊशे.
आठच लिही ना, मी म्हटलं.
"शंभर ग्रॅम सूत कमी भरलं की पगार कापायचे, हेली."
वहीत सात नऊशेच.

मागचं बाकडं गेलं. गालिचा गेला.
गालिच्याखाली एक क्रोनचं नाणं,
रीगाच्या पार्किंगची पावती,
आणि कुणा लहानग्याचा एकाच पायाचा मोजा.
माझ्याआधी ही कुणाची होती, मला माहीत नाही.
आईनं मोजाही काट्यावर ठेवला.
काटा हलला नाही.
"तरी लिही. मोजा, शून्य."

एसी काढला, त्याचं कुणालाच वाईट वाटलं नाही.
हीटरला हात घातला तशी ती उठलीच.
"या देशात? हीटर?"
मी समजावलं : ही आता मे ते सप्टेंबरच पळणार,
तीही औद्रूच्या ट्रॅकवर,
गोल फिरून निघाली तिथंच परत.
"म्हणजे बाजारात नाही."
नाही.
"डोळ्यांच्या डॉक्टरकडे, तार्तूला?"
आपण बसनं जाऊ.
नोंदणी रद्द झाल्याचा कागद तिनं
दिव्याखाली धरून दोनदा वाचला.
"तुझ्या बाबांचा कागदही असाच होता," म्हणाली,
"शिक्का डावीकडं."

मार्चमध्ये लेम्बितनं पिंजरा जोडला.
शेडच्या फटींतून निळा उजेड बर्फावर सांडायचा,
कुत्रा भुंकायचा त्याच्यावर.
नळ्या : अडतीस किलो. आई चिडली.
"महिनाभर चमच्याचमच्यानं उपसलंत,
आणि आता घमेल्यानं ओतताय?"
गाडी उलटली तर मी आत चेपू नये म्हणून आहे ते.
ती गप्प. मग लेम्बितला,
"अजून दोन नळ्या घाल."

शेजारची सीट मी शेवटपर्यंत ठेवली होती.
सोळा किलो चारशे.
ती आता स्वयंपाकघरात, चुलीशी, फळीवर ठोकलेली.
आई तीत बसून विणते,
दुपारी खटका ओढून मागं रेलते,
आणि मी बटाटे फार जोरात परतले
तर उजवा पाय ताणून ब्रेक दाबते.

मे. औद्रू.
पहिल्याच फेरीत कळलं, ही किती काय लपवत होती.
चाकांच्या कमानीत खडे ताशासारखे वाजत होते,
गिअरबॉक्स रडत होता, डिफरन्शियल पुटपुटत होता,
टायर वळणावर काहीतरी मागत होते माझ्याकडं,
आजवर ते सगळं त्या सात किलो नऊशेच्या पलीकडं होतं.
मला वाटलं गाडी मोडतेय.
मला वाटलं, नाही, ही बोलतेय.
हसू येत होतं, हेल्मेटची काच धुरकटत होती,
आणि हीटर नव्हता.

पिटमध्ये परतले तर लेम्बितचा अंगठा वर.
आई कुंपणाला टेकून, डोळे मिटलेले.
बावीस वर्षं तिनं दोनशे मागांच्या गोंगाटात
बिघडलेला एक माग कानानं ओळखला होता.
"चौथा टाकतेस तेव्हा," ती म्हणाली,
"डावीकडं, खाली, काहीतरी सैल आहे."
मला तर काहीच ऐकू आलं नव्हतं.

लेम्बित गाडीखाली सरकला.
बराच वेळ त्याचे बूटच दिसत होते.
मग आतून आवाज : गिअरबॉक्सच्या पायाचा बोल्ट,
नुसत्या बोटांनी फिरतोय.

"तो काढू नका हां," आई म्हणाली,
"घट्ट करा."