फाती

पहाटे चारला आई फुलं काढायला निघते.
चाळीस वर्षं निघायची तशीच,
फक्त आता कुंपणं लोकांची असतात,
आणि आमच्या परसातली अबोली,
तिनेच लावलेली, तिला दिसत नाही.

माशेलात बोलायला वेळ लागत नाही.
घनःश्याम सरांचा अनंत गेला, मग तगर.
बाजारात कुणी म्हणालं, म्हातारी पिशी झाली.
कुणी म्हणालं, पिशी कसली, हात लांब आहे.
मी दाराला कुलूप घातलं.
ती रात्रभर कुलपाशी बोलत राहिली
हळू आवाजात,
गिऱ्हाइकाला थांबवावं तशी.

बांबोळीच्या डॉक्टरांनी एक शब्द दिला.
बसमध्ये तो खिशात मुठीत धरून आणला.
तीन महिने कुणाला दाखवला नाही.

मग एस्पेरान्साबायने मला फाटकाशी अडवलं.
"तुजी आवय म्हज्या सोप्यार बसून फाती करता.
पांच रुपया म्हणाली, हांवें दिले.
खरें सांग, तिका कितें जालां?"

चौपन्न वर्षांचा वायरमन मी,
विजेच्या खांबावर हात कापत नाहीत माझे.
तिच्या फाटकाचा गज धरला
आणि शब्द बाहेर काढला.
वेड नव्हे, म्हटलं. मेंदूचा आजार.
ओरडू नका. पाठीमागून हाक मारू नका,
समोर या, आपलं नाव सांगा.
कुठं वाट चुकलेली दिसली तर ओढू नका,
विचारा, फाती कशी दिली?
ती आपणहून थांबेल.

तेच मग पोसऱ्यावर सांगितलं,
तेच कंडक्टरला, सुटे पैसे मोजता मोजता.
काहीजण अजून पिशीच म्हणतात.
घनःश्याम सर काही बोलले नाहीत,
पण त्या संध्याकाळपासून
त्यांच्या फाटकाची कडी काढलेली असते.

बुधवारी एस्पेरान्साबाय येते, मला म्हणते, न्हीद.
पहिल्या बुधवारी दोन तास झोपलो
आणि घाबरून उठलो, घर इतकं शांत होतं.
नंतर ऐकू आलं:
दोघी भावावरून भांडत होत्या.

आज सकाळी आईने केळीच्या दोरातली फाती
माझ्यापुढे धरली.
मी पाच रुपये दिले.
"तूं कोणालो रे?"
हांगाचोच, म्हटलं.
तिने मला नीट न्याहाळलं,
आणि गावच्या माणसाला द्यावा तसा
एक रुपया परत केला.