डॉटर स्टेशन

मदर स्टेशन नागपूरच्या अंगाला आहे.
आम्ही डॉटर. कंपनीच्या कागदावर तसंच लिहिलंय.
पाइपलाइन इथवर पोचलेली नाही,
म्हणून गॅस ट्रकवर बसून येतो,
सिलिंडरांची चळत बांधून,
मुराळी यावा तसा,
आणि मुराळ्यासारखाच उशिरा.

तोवर मी पुठ्ठ्याची पाटी लावते : प्रेशर नाही.
वर मोठ्या फलकावर देशाचा आकडा आहे,
सहाचे पंधरा टक्के होणार म्हणून.
त्याला रात्रभर चार दिवे.
माझ्या पाटीवर बॅटरी मारून वाचावं लागतं.

रांग वरोरा रोडनं जिनिंगच्या फाटकापर्यंत.
मॅजिक, ऑटो, एक कोरी व्हॅन,
बोनेटवरचं हळदीकुंकू अजून ओलं.
बंडू झिलपे चौथा.
"कावून ओ ताकसांडे बाई, कुठवर आली तुमची माय?"
"जामच्या चौकात हाय म्हणे."
"जाममंदी जाम?" तो एकटाच हसतो,
मग बोटांवर हिशेब करतो :
पेट्रोलवर टाकली तर सवारीमागं किती,
थांबलो तर फेऱ्या किती.
दोन्हीकडून बोटं संपतात.

लटारी गेडाम खाणीतून रिटायर झालेले.
बिडी खिशात तशीच, इथं ओढता येत नाही.
"पाह्य पोरी, इथं पाय आपटला का खाली कोळसा.
आन् गाडी चालते ते येते समुद्रापलीकडून.
पह्यले थंडं करून त्याचं पाणी करा,
मंग जहाजात घाला, मंग पुन्हा हवा,
मंग पुन्हा दाबून बाटलीत.
एवढा प्रवास त माह्या पोरानंबी नाई केला."

शेजारच्या वावरात पऱ्हाटीचा गॅस निघणार होता.
साहेब आले, एकरी किती काड्या निघतात विचारून गेले.
तारेचं कुंपण झालं, फलक झाला.
फलकाच्या सावलीत शेळ्या बसतात.
पऱ्हाटी आमच्या चुलीत.

एक चाळीसला ट्रक आला.
मी सगळ्यांना खाली उतरवते.
दोनशे बारचा दाब, गंमत नाही.
मॅजिकमधून कोंबडीवाली बाई उतरते, कोंबडी उतरते,
गणिताचे सर, झोपलेलं पोरगं खांद्यावर घेऊन त्याचा मामा.
उभ्या उभ्या एकमेकांची गावं विचारतात.
आत मांडीला मांडी लावून बसले होते,
तेव्हा कोणी विचारलं नव्हतं.

शिकवताना आम्हाला सांगितलं,
गॅसला स्वतःचा वास नसतो.
वास मुद्दाम मिसळतात,
गळती कळावी म्हणून.
मी तेव्हा वहीत लिहून घेतलं.
आता त्या चार दिव्यांखाली उभी राहिले
की वाटतं, आकड्यांतही कोणी थोडा मिसळायला हवा होता.

बंडूचा नंबर लागला.
टाकीवरच्या पट्टीवर बॅटरी मारली :
टेस्टची तारीख मागच्याच महिन्यात सरलेली.
"एक महिना त हाय बाई."
"नाही."
"अकरापासून उभा हाओ."
"माहीत हाय."
टेस्ट नागपूरला होते. दोन दिवस गाडी तिथं,
दोन दिवस धंदा इथं बंद.
हेही मला माहीत होतं.
नळी मी जागेवर टांगली.

तो काही बोलला नाही.
बटण पेट्रोलवर केलं.
त्याच्या तीन सवाऱ्या सरांनी मॅजिकमध्ये सरकून घेतल्या,
कोंबडी कोणाच्या तरी मांडीवर गेली.
लटारीबाबा मात्र बंडूसोबतच बसले, पुढं,
"चाल बाप्पा, मले कुठं घाई हाय."

साडेचारला ट्रकही रिकामा.
मी पाटी पुन्हा लावली.
हवा इथं किलोत विकतात,
रात्रीचे आठशे बारा किलो वहीत लिहिले, सही केली.

घरी आई चुलीपाशी.
मी जवळ बसले तशी नाक वर करून म्हणाली,
"काई गळून राह्यलं का वं?"
नाही म्हटलं.
रांजणापाशी जाऊन हात पुन्हा धुतले.