उचकी

सिस्टर लुर्दीनाने कागद दोनदा वाचून दाखवला होता,
गोमेकॉच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीत बांबोळीचा चढ भिजत असताना.
टाक्यांभोवती लाली, सूज, पाणी.
ताप. घेरी. नाडी साठाच्या खाली.
आणि अगदी शेवटी, पेनने रेघ मारून,
न थांबणारी उचकी.
मी हसले. उचकीसाठी कोण इतक्या लांब येतं?
ती हसली नाही.

डावा हात सहा आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही,
हे तिने मला नाही, सुनेला सांगितलं.
माणूस ओळखता येत असणार तिला.

चवथ एकोणिसाव्या दिवशी आली.
माटोळी बांधायला यंदा घरात चार जण होते,
मी खुर्चीवर, हात मांडीत,
भेटीला आलेल्या विहिणीसारखी.
कांगलांचे घोस झाले, तोरिंजन झालं,
सुपारीचं शिपटं नेमकं मधोमध आलं.
पण प्रणिताने आंबाडे बांधले ते सैल.
एक्केचाळीस वर्षं केवणीच्या सालीची गाठ मी मारते.
उठले. एकच गाठ.
हात वर गेला तेव्हा काही दुखलं नाही.
दुखलं असतं तर बरं होतं.

रात्री आरतीनंतर उचकी लागली.
पाणी प्याले. साखर चघळली.
मग आमच्यात करतात तसं एकेक नाव घेतलं,
खऱ्या माणसाचं नाव आलं की ती थांबते.
सावंतवाडीची शालन. नाही.
दोह्याला गेलेला धाकटा. नाही.
शाळेतली पर्पेत टीचर, जिचे पन्नास रुपये माझ्याकडे राहिलेत. नाही.
मग रोहिदास.
उखाण्याशिवाय पहिल्यांदाच.
गेलेली माणसं आपली आठवण काढतात का
हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही.
थांबली नाही.
जरा वाईट वाटलं, खरं सांगते.

तेव्हा ध्यानात आलं,
आठवणीला इतका नेम नसतो.
आठवण चुकते, दमते, मध्येच दुसरीकडे वळते.
ही बरगडीखाली सारख्या मापाने ठोठावत होती,
दार चुकलेल्या माणसासारखी,
आणि अधूनमधून घशात येऊन तिची उचकी होत होती.

मनगटावर दोन बोटं ठेवली.
पूर्ण मिनिट मोजा, लुर्दीना म्हणाली होती, घाई नको.
चव्वेचाळीस.
पुन्हा मोजली. त्रेचाळीस.
यंत्र साठ ठोके देत होतं,
कुणाला देत होतं कोण जाणे.

गणपती बसलेला. समई तेवत.
दीड दिवसाचा तर आहे, उद्या बोळवू आणि मग बघू,
हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, जुळवून ठेवलेलं.
ते गिळत उभी राहिले तर भिंत हलली.
प्रणिताला हाक मारली. कागद आण, म्हटलं,
शेवटची ओळ वाच.

फेरीबोट चोडणच्या धक्क्यावरून सुटतच होती.
तिने हेडलाइट मारले, खलाशाने रॅम्प परत खाली सोडला.
नदीभर मी काही बोलले नाही.
ती दर मिनिटाला ‘आई?’ म्हणायची,
मी उचकीने उत्तर द्यायचे.

बांबोळीला आगुस्तीन नावाच्या मुलाने
साबणाच्या वडीएवढं काहीतरी माझ्या छातीवर धरलं,
पडद्याकडे बघत विचारलं,
हात वयर केल्लो?
नाही, म्हटलं.
तो पडद्याकडेच बघत राहिला.
एकदाच, म्हटलं. आंबाड्यांना.
त्याने ते लिहून घेतलं.

तार जागेवरून सरकली होती. सकाळी परत बसवली.
घरी आले तेव्हा माटोळी उतरलेली.
प्रणिता म्हणाली, बाकी सगळं सुटलं, तुमची गाठ सुटेना,
कोयतीने कापली.

मग शालनचा फोन.
चवथीच्या रात्री तुझी इतकी आठवण आली गं, डोळा लागेना.
उचकी लागली का तुला?
लागली, म्हटलं.