पत्रे

त्या वर्षी टेकडीवर कुणी धड झोपत नव्हतं.
दलदलीतलं धुकं वर चढायच्या आत ढोल वाजायचा
आणि माणसं लव्हाळ्याच्या चुडी पेटवून निघायची,
कुणाच्या तरी दारात उभी राहून म्हणायची,
हे तुझं. माझ्याकडे होतं.

कुदळ परत आली, दांडा नवा बसवलेला.
ब्यारुहांगानं कोंबडी आणून दिली.
चोरलेली नव्हे, ती केव्हाच खाऊन झाली होती,
तिची पणती.
एकजण दोन दिवस चालत काबालेला गेला,
न काढलेल्या तिकिटाचे पैसे बसच्या कचेरीत भरायला.
कारकुनानं वेडा समजून त्याला चहा पाजला.

मी बारा वर्षांची. मला वाटायचं,
पवित्र आत्मा म्हणजे
वसुलीला आलेला कुणी पाहुणा असणार.

देवळासाठी मिशननं चाळीस पत्रे पाठवले होते.
अठ्ठावीस पोचले.
बारा घाटात लॉरीवरून पडले, असं
उपदेशक तिबेसिग्वा सांगायचे
आणि लगेच प्रार्थना सुरू करायचे.
डोळे मिटलेली माणसं काय विचारणार?
पूर्वेची बाजू गवताचीच राहिली.
ते व्यासपीठावरून प्रेषिताची पत्रे वाचायचे,
आम्ही मनात दुसरेच पत्रे मोजायचो.

कारण पाऊस लागला की
त्यांच्या गवती स्वयंपाकघरातून ताडताड आवाज यायचा.
क्येनशांबी, त्यांची बायको, कुंपणापाशी येऊन म्हणायची,
लाह्या भाजतेय.
चार वर्षं, प्रत्येक पावसात, लाह्या.
कुणी एक मूठ मागितली नाही.

मग त्या गुरुवारी रात्री
वचन अर्धं टाकून त्यांनी पुस्तक मिटलं.
रडले नाहीत. गुडघे टेकले नाहीत.
म्हणाले, बारा.
एवढंच.
आणि मागच्या बाकांवरून जो हंबरडा फुटला
तो त्यांच्यासाठी नव्हता.
आम्ही सगळेच चार वर्षं लाह्या भाजत होतो.

त्याच रात्री शिडी लागली.
ते वर चढून गवत उपसत होते,
गवताखाली पत्रा, चुडीच्या उजेडात काळाभोर.
क्येनशांबी आत चुलीपाशी बसून होती,
एकेक पत्रा निघेल तसतसं
तिच्या डोक्यावर चांदण्यांचं भोक मोठं होत गेलं.
खूप वेळानं म्हणाली,
चला, धुराला वाट झाली.

खाली पडलेले खिळे मी वेचले,
दगडावर ठोकून सरळ केले, मोजून दिले.
एक सोडून.

देवळावर ते बारा पत्रे बसले, काजळीची बाजू आत.
घासायला वेळ कुणाला होता?
पुढच्या पावसात, प्रभुभोजनाच्या वेळीच,
जुन्या खिळ्यांच्या भोकांतून थेंब गळायला लागले,
काळे,
मेजावरच्या पांढऱ्या कापडावर,
आमच्या धुतलेल्या झग्यांवर.
शहरातून आलेले पाळक म्हणाले, डांबर लावून बुजवा.
हो हो म्हणत कुणीच शिडी आणली नाही.
तिबेसिग्वा मरेपर्यंत त्याच थेंबांखाली बसायचे,
टोपी काढून.

ते दिवस संपले कधी, सांगता येत नाही.
ढोल हळूहळू रविवारपुरता उरला.
ब्यारुहांगाच्या थोरल्यानं कुणाचं तरी शेरडू हाकून नेलं
आणि त्याच्या दारात चूड घेऊन कुणी उभं राहिलं नाही,
पंचायत बसली, दंड झाला.
नवी पोरं विचारतात, खरंच असं व्हायचं?
मी म्हणते, कोंबडीची पणती मी स्वतः पाहिलीय.
ती हसतात. हसू देत.

खिळा माझ्याकडे आहे,
मिठाच्या डब्यात, गंजून बोटाएवढा जाड झालेला.
कशाला ठेवला होता तेही आठवत नाही.
तेव्हा सगळे देत होते,
एक तरी वस्तू आपली असावी, असं वाटलं असेल.

पूर्वेच्या बाजूला, तिसऱ्या बाकाच्या टोकाला
पावसात अजून गळतं.
थेंब आता काळा नाही, नुसता गार.
जुनं भोक आहे, पाणी येणारच,
त्यात मला उद्देशून काही नाही.
बाक मात्र मी बदलत नाही.