तळाचा फोटो

रात्रीचे साडेअकरा. पॅटरसनचा धबधबा गोठलाय म्हणतात.
फार्मसीतून आल्यापासून कोट न काढता
मी लिलावाचे फोटो बघत बसले आहे.

आधी बोट बघायचं, लुडविक सांगायचा,
दगड मग.
धरणाऱ्याचं नख निळं दिसलं
तर निळाई दिव्याची, खनिजाची नाही.
हा सिट्रीन नव्हे, भट्टीत भाजलेला अ‍ॅमेथिस्ट:
बुडाशी पांढरा, टोकाला करपल्या गुळासारखा.
हा मॅलकाइट फारच शिस्तीत पट्टे ओढतो.
आणि ज्याच्या तळाचा फोटो नाही
त्याला विचारायचं, का नाही.

चाळीस वर्षं रेशीम रंगवलेला माणूस,
रंगाला फसायचा नाही.
मार्चमध्ये गेला. आता त्याची हलिना
कपाटं रिकामी करतेय.
मी तिला चुका कळवते:
बावीस नि सत्ताविसाच्या चिठ्ठ्या बदलल्यात,
कॅल्साइटला क्वार्ट्झ म्हटलंयस, किंमत उतरव.
ती उतरवते.

आज क्रमांक एकेचाळीस.
स्टिल्बाइट, पॅटरसन, वडिलांनी खाणीतून काढलेला, १९३१.
नऊशे डॉलर.
अक्षर लुडविकचंच, एकच्या आकड्याला लांब शेंडी.

इथला स्टिल्बाइट मळकट पिवळा.
हा जर्दाळूच्या आतल्या अंगासारखा,
मधे आवळलेली पेंढी.
खडक म्हणाल तर काळा बसाल्ट इथेही, तिथेही,
फसायला जागा आहे.

चौथा फोटो तळाचा.
चिकटलेला वर्तमानपत्राचा कपटा, नखाएवढा.
मोठा करते. अजून मोठा.
ळ.

बारा वर्षांपूर्वी मीच आणलेला.
जळगावकडे मामाच्या विहिरीत निघाला,
ओलाच गुंडाळला केळीच्या भावांच्या पानात.
लुडविकनं कागद धुतला नाही.
हे कुठलं अक्षर, म्हणाला.
मी म्हणून दाखवलं. त्याची जीभ टाळ्याकडे वळेना,
हसत राहिला.

मग हे काय लिहून ठेवलंस, म्हाताऱ्या?
डोळे गेले होते म्हणून?
पोरीला नऊशे मिळावेत म्हणून?
की बापाच्या हातचा
एक तरी दगड घरात हवा होता?

लिलाव संपायला सहा तास. दोन बोली लागल्यात.
लिहिते: हलिना, एकेचाळीसचा तळ पुन्हा बघ.
पुसते.
लिहिते: चिठ्ठी चूक आहे. हा जळगावचा.
साठ डॉलर, फार तर सत्तर.
कागद मात्र खरवडू नकोस.